अंगुष्ठवक्रता आणि सूक्ष्मछेद शस्त्रकर्म : किनारपट्टीवरील वैद्यांसाठी एक अभ्यास

प्रस्तावना

रायगडच्या किनारपट्टीवर, उरणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूडवरून थेट श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंत, चिकित्सा करणाऱ्या वैद्यांकडे पायांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या लहान नसते. भाताच्या खाचरात, मिठागरात, सुपारीच्या वाडीत आणि मासळीबाजाराच्या ओल्या फरशीवर ज्यांचे आयुष्य जाते, त्यांचे पाय हेच त्यांचे भांडवल असते. अशा रुग्णांपैकी काही जण, त्यातही विशेषेकरून चाळिशी ओलांडलेल्या स्त्रिया, पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आलेला उंचवटा दाखवून “इथे हाड वाढले आहे” असे सांगतात. आधुनिक शास्त्रात या विकृतीला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ व त्या उंचवट्याला ‘बनियन’ म्हणतात. हा दुसरा शब्द रुग्णापुढे उच्चारल्यास त्याला अंगात घालण्याचा बनियनच आठवतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ‘अंगुष्ठवक्रता’ ही संज्ञा योजली आहे.

गेल्या काही वर्षांत या व्याधीवर ‘दुर्बिणीसारखे, बिनटाक्याचे, लहानशा छिद्रातून होणारे’ शस्त्रकर्म निघाल्याचे रुग्णांच्या कानावर येऊ लागले आहे. मुंबईत नोकरी करणारा मुलगा किंवा सून मोबाईलवर ध्वनिचित्रफीत दाखवते आणि रुग्ण आपल्याला विचारतो, “वैद्यराज, करून घेऊ का?” या प्रश्नाचे उत्तर देण्याइतके ज्ञान आपल्यापाशी असणे अगत्याचे आहे. हे शस्त्रकर्म करणे आपले काम नव्हे. ते प्रशिक्षित अस्थिशल्यतज्ज्ञाचे काम आहे. परंतु शस्त्रकर्मापूर्वीचे व नंतरचे कित्येक महिने रुग्ण आपल्याच गावात, आपल्याच देखरेखीखाली असतो. सुश्रुताचार्यांनी कर्माचे पूर्व, प्रधान व पश्चात् असे तीन भाग केले आहेत. त्याच क्रमाने हा विषय येथे मांडीत आहोत.

व्याधीचे स्वरूप

प्रथम ‘हाड वाढले’ हा समज दूर केला पाहिजे. बहुतेक रुग्णांत नवे हाड उगवलेले नसते. अंगठ्यामागील पहिली पादशलाका, म्हणजेच मेटाटार्सल अस्थी, आतल्या बाजूस, दुसऱ्या पायाकडे सरकते आणि अंगठा मात्र बाहेर, दुसऱ्या बोटाकडे झुकतो. या दोहोंच्या सांध्याशी जो कोन तयार होतो, त्याचे टोक म्हणजे तो उंचवटा. त्यावर पादत्राण घासून त्वचा जाड होते, आतील स्नेहपुटिका सुजते, वेदना व रक्तिमा येते. पुढे अंगठा दुसऱ्या बोटाच्या खाली किंवा वर चढतो, शरीराचा भार अंगठ्याऐवजी मधल्या बोटांच्या मुळाशी पडू लागतो आणि तेथे तळव्याला घट्टे पडतात.

उभ्याने, पायावर भार देऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रात दोन कोन मोजतात. अंगठा व पहिली शलाका यांतील कोन साधारणपणे १५ अंशांपेक्षा कमी आणि पहिली व दुसरी शलाका यांतील कोन ९ अंशांपेक्षा कमी असावा. पहिला कोन २० अंशांपर्यंत असता विकृती सौम्य, २० ते ४० मध्यम आणि ४० च्या पुढे तीव्र समजण्याचा प्रघात आहे. झोपवून काढलेल्या चित्रात विकृती आहे त्याहून कमी दिसते, ही गोष्ट चिठ्ठी लिहिताना आवर्जून ध्यानी ठेवावी व ‘उभ्याने’ हा शब्द चिठ्ठीत लिहावा.

ही विकृती दुर्मीळ नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात १८ ते ६५ वयोगटात सुमारे २३ टक्के आणि ६५ वर्षांवरील वयोगटात सुमारे ३६ टक्के व्यक्तींत ती आढळल्याचे नमूद आहे. स्त्रियांत प्रमाण अधिक. कुलज प्रवृत्ती, सांध्यांचे शैथिल्य, सपाट तळवे, आमवातासारखे व्याधी आणि निमुळती पादत्राणे ही प्रमुख कारणे. पादत्राणांविषयी १९५८ साली हाँगकाँग येथील सिम-फूक व हॉजसन यांनी केलेली पाहणी प्रसिद्ध आहे. पादत्राणे वापरणाऱ्यांत ३३ टक्के, तर अनवाणी वावरणाऱ्यांत अवघ्या १.९ टक्के जणांत ही विकृती त्यांना दिसली. अर्थात यावरून अनवाणी चालण्याचा उपदेश करू नये. चरकाचार्यांनी पादत्राणधारण हे दिनचर्येत हितकर सांगितले आहे आणि आपल्या किनाऱ्यावरील शिंपले, काटे व गंजलेले गळ पाहता तो उपदेश आजही योग्यच आहे. पादत्राण असावे, पण ते पायाच्या आकाराचे असावे. पायाने त्याचा आकार घेऊ नये.

ग्रंथोक्त विचार

अंगुष्ठवक्रतेचे स्वतंत्र वर्णन संहितांत नाही. ते आहे असे ओढूनताणून दाखविण्यात शास्त्राचा गौरव होत नाही. तथापि विचारास उपयुक्त अशी अनेक सूत्रे आढळतात. सुश्रुताचार्यांनी संधिमुक्ताचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांतील ‘तिर्यक्क्षिप्त’ हा तिरप्या सरकलेल्या सांध्याचा प्रकार आकृतीच्या दृष्टीने जवळचा वाटतो. मात्र तो अभिघातजन्य आहे आणि अंगुष्ठवक्रता हळूहळू, वर्षानुवर्षे घडत जाते. वेदना, शोथ व हालचालीच्या वेळी होणारा त्रास पाहता संधिगत वाताचा संबंध अधिक स्पष्ट आहे. उंचवट्यावरील जाड त्वचा ‘कदर’ या क्षुद्ररोगाशी जुळते.

सर्वांत महत्त्वाचे सूत्र भग्नचिकित्सेत आहे. वेडेवाकडे जुळून आलेले काण्डभग्न पुन्हा मोडून सरळ करावे आणि मग त्याची भग्नाप्रमाणे चिकित्सा करावी, असे सुश्रुताचार्य सांगतात. वाकडे अस्थी सरळ करावयाचे तर ते विचारपूर्वक तोडावे लागते, हेच तत्त्व आजच्या सर्व अंगुष्ठवक्रता शस्त्रकर्मांच्या मुळाशी आहे. तेल लावून, मर्दन करून किंवा पट्टा बांधून प्रौढ व्यक्तीच्या शलाकेचा कोन बदलत नाही. हे आपण स्वतःशी व रुग्णाशी स्पष्ट बोलले पाहिजे.

शारीरस्थानातील मर्मविचारही येथे विसरू नये. अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या मध्ये क्षिप्र मर्म आणि त्याच्या वर दोन्ही बाजूंस कूर्च मर्म सांगितले आहे. क्षिप्रावरील आघाताने आक्षेपक होऊन मृत्यू येतो, असे वर्णन आहे. पायाच्या जखमेतून होणाऱ्या धनुर्वाताशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, तो अगदीच निराधार नाही. या भागात रक्तवाहिन्या, नाड्या व कंडरा दाटीने असतात. छेद लहान असला तरी तो मर्मस्थानाजवळचा आहे.

व्यवच्छेदक निदान

येथेच वैद्याचे खरे कसब आहे, कारण चुकीच्या निदानाची किंमत रुग्णाच्या पायाला मोजावी लागते. अंगठ्याच्या मुळाशी सूज दिसताच वातरक्ताचे निदान करून वर्षभर औषधे देणे, ही आपल्या व्यवसायातील नित्य आढळणारी त्रुटी आहे. पुढील व्याधींचा विचार क्रमाने करावा.

१. वातरक्त : बहुधा रात्री अकस्मात आरंभ, स्पर्श न साहवणारी तीव्र वेदना, लाल व उष्ण सूज, काही दिवसांत उतार. अंगठा सरळ असू शकतो. वेगाच्या काळात रक्तातील यूरिक आम्ल प्राकृतही येऊ शकते आणि ते वाढलेले आढळले म्हणजे वातरक्त सिद्ध झाले असेही नाही.

२. स्तब्ध अंगुष्ठ : अंगठा सरळच, परंतु वर उचलता येत नाही. उंचवटा सांध्याच्या वरच्या बाजूस. याची चिकित्सा व शस्त्रकर्म निराळे.

३. आमवात व तत्सदृश व्याधी : दोन्ही हातापायांचे लहान सांधे, सकाळचा दीर्घकाळ टिकणारा ताठरपणा.

४. पाक : ताप, पू, पसरणारी लाली. येथे विलंब करू नये.

५. सुप्तता : मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे संवेदना हरवलेला पाय. वेदना नाही म्हणून व्याधी सौम्य, असे समजणे घातक ठरते.

प्रत्येक रुग्णात पायाच्या पृष्ठावरील व घोट्यामागील नाडीस्पंदन हाताने पाहावे आणि १० ग्रॅमच्या तंतूने तळव्याची संवेदना तपासावी. स्पंदन लागत नसेल किंवा संवेदना नसेल, तर अशा पायावर अग्निकर्म, जलौकावचरण किंवा उष्ण उपनाह करू नये. न भरणाऱ्या व्रणाचा आरंभ तेथून होऊ शकतो.

पूर्वकर्म

वेदना नसलेल्या वक्रतेवर केवळ दिसण्यासाठी शस्त्रकर्म करू नये, यावर बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे. प्रथम किमान काही महिने पुढील उपाय करावेत.

पादत्राण पुढे रुंद, मऊ, कमी टाचेचे असावे. चामड्याची वादी उंचवट्यावर घासत असल्यास ती जागा बदलून घ्यावी. गावातला चांभार हे काम महागड्या दुकानापेक्षा चांगले करतो. अंगठा व दुसरे बोट यांत मऊ बोळा किंवा सिलिकॉनचा तुकडा ठेवल्यास वेदना उणावते. कोन मात्र सुधारत नाही. पादाभ्यंगाने रूक्षता, स्तब्धता व श्रम कमी होतात, असे चरकाचार्य सांगतात. महानारायण किंवा सहचर तेलाचा अभ्यंग, मृदु स्वेद, बोटांचे व्यायाम आणि वातशामक औषधे यांनी कित्येक रुग्णांना वर्षानुवर्षे आराम राहतो. संवेदना व रक्तपुरवठा उत्तम असलेल्या निवडक रुग्णांत वेदनास्थानी अग्निकर्माचा विचार करता येतो.

एवढे करूनही रोजचे चालणे वेदनामय असेल, दुसरे बोट विस्थापित होत असेल, तळव्याला घट्टे पडत असतील किंवा उंचवट्यावरची त्वचा वारंवार फाटत असेल, तर रुग्णास अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. विकृती अतितीव्र होईपर्यंत थांबल्यास सूक्ष्मछेद पद्धतीची शक्यता कमी होत जाते आणि मोठे शस्त्रकर्म करावे लागू शकते.

पाठविताना चिठ्ठीत आपण देत असलेली सर्व औषधे लिहावीत. गुग्गुळाचे कल्प, लसूण व इतर काही द्रव्ये रक्तस्रावाच्या प्रवृत्तीवर परिणाम करू शकतात. ती किती दिवस आधी थांबवावीत, हे शल्यतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांच्या विचाराने ठरवावे. रक्तशर्करा नियंत्रित असावी. तंबाखू व मिश्री बंद करावी, कारण तंबाखूने अस्थिसंधान मंदावते. किनारपट्टीवरील वयस्क स्त्रियांत मिश्रीची सवय अजून आढळते व ती विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. आणखी एक बारीक गोष्ट : पायातील जोडवी शस्त्रकर्माआधीच काढावी लागतात, कारण नंतर येणाऱ्या सुजेत ती रुततात. सुवासिनीला हे आदल्या दिवशी रुग्णालयात कोणी घाईने सांगण्यापेक्षा आपण घरच्या माणसाप्रमाणे आधीच समजावून सांगावे.

प्रधानकर्म

अंगुष्ठवक्रतेवर शंभराहून अधिक शस्त्रकर्मे वर्णिलेली आहेत. यावरूनच एकही सर्वांना लागू पडत नाही, हे लक्षात येते. १८८१ साली रेव्हर्डिन यांनी शलाकेच्या छेदाचे, १९२५ साली एकिन यांनी अंगठ्याच्या पर्वास्थीच्या छेदाचे आणि १९८१ साली ऑस्टिन व लेव्हेंटेन यांनी ‘व्ही’ आकाराच्या छेदाचे वर्णन केले. ही सर्व उघडी शस्त्रकर्मे. त्यांत कित्येक सेंटिमीटर लांबीचा छेद घेऊन सांधा डोळ्यांनी पाहत काम होते.

सूक्ष्मछेद पद्धतीत हेच अस्थिछेद तीन ते पाच मिलिमीटरच्या छिद्रांतून केले जातात. बोरूच्या टोकासारखे, सुमारे दोन मिलिमीटर जाडीचे फिरते कर्तनयंत्र आत घालून, क्ष-किरण पडद्यावर पाहत शलाकेचे डोके मागील भागापासून सुटे करतात, ते दुसऱ्या बोटाच्या बाजूस सरकवितात आणि बाहेरून घातलेल्या स्क्रूंनी स्थिर करतात. आवश्यक तर पर्वास्थीतून एक पाचर काढून अंगठा सरळ करतात. येथे दुर्बीण वापरलेली नसते, हेही रुग्णास सांगावे. यंत्र मंद गतीने फिरवावे लागते व त्यावर सलाईनची धार ठेवावी लागते, अन्यथा घर्षणाच्या उष्णतेने त्वचा व अस्थी भाजतात. आरंभीच्या पिढीतील पद्धतींत स्क्रू नसत. सारा भार पट्टबंधनावर असे. २०१० नंतरच्या दशकात स्क्रूंनी स्थिर करण्याची पद्धत रूढ झाली व परिणाम अधिक भरवशाचे झाले.

उपलब्ध तुलनात्मक अभ्यासांतून सामान्यतः असे दिसते की, पहिल्या काही आठवड्यांत वेदना कमी व व्रणचिन्ह लहान असते. कोनाची सुधारणा उघड्या शस्त्रकर्माइतकीच मिळते. पुढे वर्षभरानंतर दोहोंतील फरक फारसा उरत नाही. उपद्रव दोन्हींत आहेत : अंगठ्याच्या आतल्या बाजूची नाडी दुखावून येणारी बधिरता, जंतुसंसर्ग, स्क्रू टोचणे व तो काढण्यासाठी दुसरे शस्त्रकर्म, सांध्याचा ताठरपणा, अस्थी न जुळणे, शिरांत रक्त गोठणे आणि विकृतीची पुनरावृत्ती. शिवाय हे कसब हाती बसण्यास काळ लागतो. सुश्रुताचार्यांनी शिष्याला भोपळा, काकडी यांवर छेदाचा अभ्यास करावयास लावले, ते उगाच नव्हे. “आपण ही पद्धत किती रुग्णांत केली आहे?” असे शल्यतज्ज्ञास विचारण्यात काहीच अवमान नाही. रुग्णास तो प्रश्न आपण शिकवावा.

सुश्रुताचार्यांनी विद्रधीच्या संदर्भात उत्तम छेदाची लक्षणे सांगितली आहेत : तो लांब, विशाल, सुविभक्त, पूयाला आश्रय न देणारा आणि योग्य काळी केलेला असावा. मग हा सूक्ष्म छेद शास्त्रविरुद्ध म्हणावा काय? आमच्या मते नाही. लांबी व विशालता यांचे प्रयोजन पूय पूर्णपणे वाहून जावा, हे होते. येथे पूय नाही आणि पाहण्याचे काम क्ष-किरण करतात. प्रयोजन बदलले की लक्षण बदलते. पण पाचवे लक्षण, ‘प्राप्तकालकृत’, बदललेले नाही. त्याचा विचार पुढे करू.

पश्चात्कर्म

छेद लहान असला तरी आतील कर्म अस्थिछेदाचेच आहे. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कडक तळव्याच्या विशिष्ट पादत्राणात टाचेवर भार देऊन चालू लागतो आणि येथेच फसगत होते. जखम दिसत नाही, टाके दिसत नाहीत, म्हणून आठव्या दिवशी तो टोपली डोक्यावर घेतो. हाड मात्र जुळलेले नसते.

सुश्रुताचार्यांच्या मते सांधा स्थिर होण्यास बालवयात एक, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने लागतात. आजचे शल्यतज्ज्ञही विशिष्ट पादत्राण सुमारे सहा आठवडे वापरावयास सांगतात व पूर्ण भाराची कामे बहुधा तीन महिन्यांनंतर सोपवितात. सूज तर सहा महिने, क्वचित वर्षभर राहते. बंधन सैल असेल तर स्थैर्य येत नाही आणि घट्ट असेल तर शोथ, वेदना व पाक होतो, हा सुश्रुतोक्त विचार येथे अक्षरशः लागू पडतो. अंगठा सरळ धरून ठेवणे हे या पट्टीचेही काम असते. म्हणून ती रुग्णाने सोडू नये व आपणही शल्यतज्ज्ञाच्या सूचनेवाचून बदलू नये.

वैद्याने पश्चात्कर्मात पुढील मर्यादा पाळाव्यात. जखम पूर्ण भरेपर्यंत तेल, लेप, स्वेद वर्ज्य. अस्थिसंधान क्ष-किरणात दिसेपर्यंत सांध्याचे मर्दन वर्ज्य. स्क्रू असलेल्या स्थानी अग्निकर्म कायमचे वर्ज्य. अस्थिशृंखला, लाक्षा इत्यादी संधानीय औषधे द्यावयाची तर शल्यतज्ज्ञास कळवून द्यावीत. पाय उंच ठेवणे, घोट्याची हालचाल आणि परवानगीनंतर अंगठ्याचे व्यायाम, यांवर लक्ष ठेवावे. ताप, वाढती लाली, दुर्गंधी, काळवंडलेले बोट, पोटरीत एकाएकी सूज किंवा धाप यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी पाठवावे.

अशी देखरेख गावपातळीवर होऊ शकते, याचा दाखला याच किनाऱ्यावर आहे. कुष्ठरोगपीडितांच्या हातापायांवरील पुनर्रचना शस्त्रकर्मांसाठी ख्यातनाम असलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात मांडवा परिसरात गावच्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षित केले होते. शल्यतज्ज्ञ दूर असला तरी डोळस काळजी जवळ असू शकते, हे त्यांच्या प्रयोगाने दाखविले.

प्राप्तकालविचार

उदाहरणार्थ अशी रुग्णा कल्पावी : वय बावन्न, कोळीवाड्यातील, मासळी विकून घर चालविणारी, मध्यम वक्रता, वेदना रोजची. तिने शस्त्रकर्म केव्हा करावे? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा रोजगार बुडत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु त्याच काळात अंगण, रस्ता व घरापुढची वाट चिखलाने भरलेली असते. पट्टी कोरडी राहत नाही. गेटवे-मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात व पुनर्तपासणीचे फेरे कठीण होतात. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाल्यापासून उरणच्या रुग्णाला मुंबई जवळ आली, पण मुरूड-श्रीवर्धनच्या रुग्णाला प्रवास अद्याप लांबचाच आहे. भातशेती करणाऱ्या कुटुंबासाठी कापणी-झोडणी आटोपल्यावरचे हिवाळी महिने उत्तम. पाय कोरडा राहतो आणि पुढच्या लावणीआधी तीन-चार महिने हाती राहतात. मासळी विकणारीला मात्र हाच हंगाम कमाईचा. तिच्या घरात तीन महिने टोपली कोण उचलील, याचे उत्तर मिळाल्यावाचून तारीख ठरवू नये. दोन्ही पायांचे शस्त्रकर्म एकदम करण्याच्या आग्रहाचाही याच कसोटीवर विचार करावा.

उपसंहार

सूक्ष्मछेद शस्त्रकर्म हे योग्य रुग्णात, कुशल हातात लाभदायक आहे. त्याचा तिरस्कार करण्याचे कारण नाही आणि ‘छोटेसेच तर आहे’ म्हणून त्याची भलावण करण्याचेही नाही. छेद लहान, कर्म मोठे, हे रुग्णाला पटवून देणे आपले काम आहे. कोणता अंगठा तेलाने शांत राहील, कोणता पाठविला पाहिजे, कोणत्या पायाला हातही लावू नये आणि पाठवावयाचा तो कोणत्या महिन्यात, हे घराघरांची ओळख असलेल्या वैद्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. छेदाची लांबी शल्यतज्ज्ञ ठरवील. छेदाचा काळ ठरविण्यात मात्र आपला वाटा मोठा आहे आणि तो वैद्यबंधू-भगिनींनी जबाबदारीने उचलावा, एवढीच विनंती.